केनवडपर्यंतची आंघोळ

माझ्या गुडघ्यांनी संप पुकारला तेव्हा घरातल्या सगळ्यांना वाटलं, आता म्हातारी एका जागी बसेल आणि जरा गप्प राहील. एका जागी बसले, हे खरं. पण बसल्या माणसाला जे दिसतं ते पळत्याला कुठलं दिसायला. आमच्या मागच्या अंगणात न्हाणीसमोर प्लास्टिकची खुर्ची टाकून मी सकाळची बसते. गेल्या वर्षी त्या खुर्चीवरून मी जे पाहिलं, ते पाहायला लोक तिकीट काढून आले असते.

माझा पोरगा, मिशीवाला, ट्रॅक्टर चालवून हात राठ झालेला, न्हाणीच्या फरशीवर पाय लांब करून बसलेला. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. आणि त्याच्या दोन नडग्यांच्या मधल्या खोलगट जागेत पालथी घातलेली त्याची पोरगी, तेलानं चकाकणारी आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी रडणारी.

आमच्याकडे लहान लेकराची आंघोळ म्हणजे नुसतं अंग धुणं नसतं. पाय पसरून लेकरू पायांवर घ्यायचं, अंगात तेल जिरवायचं, मग कढत नाही आणि गारही नाही असं पाणी तांब्यातांब्यानं सोडायचं. ज्याच्या पायावर लेकरू रडत नाही त्याचं ते लेकरू, असं गाव मानतं. जन्म कोणी दिला ते दवाखान्यात कळतं, सांभाळतं कोण ते न्हाणीत. म्हणून तर आमच्या घरची गोष्ट न्हाणीवर येऊन अडली.

आमची सून कंडक्टर आहे. लाल गाडीवर, शेलूबाजार ते मेहकर. तिची बाळंतपणाची रजा संपत आली होती. माहेर तिचं जऊळक्याचं, आणि तिची आई, म्हणजे माझी विहीण, हे प्रकरण जरा वेगळंच आहे. जऊळक्याच्या स्टेशनात रेल्वे शिट्टी मारत असली तरी लोकांना हिचंच बोलणं ऐकू येतं. पहिले तीन महिने लेक आणि नात तिच्याकडेच होत्या, आंघोळी तिनंच घातल्या. मग त्या आमच्याकडे आल्या. पुढे रजा संपायच्या महिनाभर आधी विहीण आली, नातीला उराशी धरलं आणि निकाल देऊन टाकला. लेक कामावर चालली, इनबाईचे, म्हणजे माझे, गुडघे गेले, तर पोट्टी जऊळक्याला येईल आणि चालायला लागली की परत पाठवू.

पोरगा दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. जावई माणूस, सासूपुढं मान वर करत नाही. त्यानं मान खालीच ठेवली, पण बोलला. "मामी, पोट्टी मी सांभाळतो."

"तुमी? अन् आंघोळ कोन घालन?"

"मीच."

विहीण माझ्याकडे वळली. "इनबाई, जवायाले ताप हाये का, पाहा बरं."

ताप नव्हता. मग तिनं अट घातली. लेक कामावर जायच्या आदल्या दिवशी सकाळी मी येईन. लेकराची आई घरात नको. जावयानं माझ्या डोळ्यांदेखत आंघोळ घालायची. नाही रडली तर नात तुमची, रडली तर मी घेऊन जाईन, तिचे कपडे आधीच काढून ठेवा. "अन् इनबाई, तुमी मधात एक शब्द बोलायचा नाई. तुमची जीभ मले माहीत हाये." मी देवाशपथ कबूल केलं. तेवढीच चूक मी त्या वर्षी केली.

विहीण गेल्यावर सून झबली घड्या करत बसली होती. एकच झबलं चार वेळा उलगडून पुन्हा घडी करत होती. मी म्हटलं, आईचंच घर आहे, कुठं परमुलखात चालली पोर. ती म्हणाली, "आई, जऊळक्यावरून रोज गाडी जाईन माही. ती तिथं असन अन् मले खाली उतरता येनार नाई." मी तिच्या हातातलं झबलं घेतलं आणि पाचवी घडी मी घातली.

आता पोरावर माझा पहिल्यापासून विश्वास होता असं लिहिलं तर शोभेल. पण नव्हता. मला त्याचं खानदान माहीत होतं ना. त्याची आई कोण होती हे माझ्याहून चांगलं कोणाला ठाऊक.

हाच पोरगा पोटी आला तेव्हा मी विशीचीही नव्हते, आणि स्वतःला मोठी शहाणी समजत होते. केसांचा कोंबडा काढायचे, आरशात पाहून हसायचे, आणि लेकराच्या आंघोळीची वेळ झाली की माझी वाचा बसायची. ते ओलं, तेलकट, वळवळणारं गाठोडं हातातून सुटेल या भीतीनं मी उजव्या हाताला चिंधी बांधून हात मुरगळल्याचं सोंग घेतलं. सासूनं बिचारीनं आंघोळ घातली. दुसऱ्या दिवशी पुन्हा चिंधी बांधली, ती डाव्या हाताला. सासूनं चिंधीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली की उद्या पायाले बांधजो, म्हणजे कोणता राह्यला ते तरी समजंल. सगळ्या वाड्यावस्तीत ती गोष्ट पसरली. अजूनही कोणाचा हात दुखायला लागला की बाया मला विचारतात, कोणता.

आणि त्याचा बाप. आमच्या बुढ्याची तऱ्हा याहून वरची. त्या काळी बापानं आपल्या बापासमोर आपलं लेकरू उचलायचं नाही, अशी मर्यादा होती. उचललं तर निर्लज्ज. म्हणून आमचे हे लेकरू पाहायला गोठ्यात यायचे, मी चाऱ्याच्या निमित्तानं लेकरू घेऊन जायचे. एकदा ह्यांनी पोराला नुकतंच छातीशी धरलं होतं आणि बाहेर सासऱ्यांचा खाकरा ऐकू आला. ह्यांनी काय करावं. लेकरू गव्हाणीत ठेवलं, वर मूठभर कडबा टाकला आणि बैलाची पाठ खाजवत उभे राहिले. मी तर त्याहून हुशार. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि मर्यादेनं, हळू पावलांनी, रिकाम्या हातानं घरात आले. सासूनं विचारलं, पोरगं कुठं. मी म्हटलं, बैलापाशी. पुढचं काही सांगत नाही. एवढंच, की बैल माझ्यापेक्षा समजदार होता. त्यानं लेकराच्या तोंडावरचा कडबा तेवढा खाल्ला आणि लेकरू ठेवलं.

तर असल्या आईबापांचं हे पोर आता म्हणत होतं, मी आंघोळ घालतो.

त्याला एकदम पोरगी हाती द्यायला माझा जीव होईना. मी घरातला लाल भोपळा मागवला, त्याला चांगलं तीळतेल चोपडलं आणि पोराला म्हटलं, बस पाय लांब करून, आधी याला न्हाऊ घाल. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी थट्टा करते आहे की काय ते त्याला कळेना. मी थट्टाच करत होते. पण तो बसला. पहिल्याच तांब्याला भोपळा सुटला आणि न्हाणीच्या मोरीपर्यंत गडगडत गेला. सून पदर तोंडावर धरून आत पळाली. तो उठला, भोपळा आणला, पुन्हा बसला. त्या भोपळ्याची इतकी आंघोळ झाली की शेवटी त्याची भाजी केली तेव्हा मला वाईट वाटलं. पण त्यातून पोराला एक समजलं. हातानं धरायचं नसतं, पायांनी धरायचं असतं. हात मोकळे ठेवायचे.

मग खरी पोरगी आली पायांवर. निसटली नाही. पण रडली. रोज रडली.

आणि न्हाणीचं अंगण आमचं उघडं, कंपाउंडची भिंत छातीएवढी. पाण्याला चाललेल्या, शेतात चाललेल्या बाया भिंतीपाशी थांबायला लागल्या. काहून गा, दाईचा धंदा चालू केला का. अशा चौकशा व्हायच्या. तो मान न उचलता म्हणायचा, तुमच्या घरी लागलं तर सांगजा, तेल तुमचं.

त्याचा दिवस तेव्हा असा चालायचा: उजाडता उजाडता शेतातली मोटर चालू करून यायचा. चुलीवर पाणी, मग आंघोळ, मग सुनेनं काढून ठेवलेलं दूध वाटी-चमच्यानं पाजायची शिकवणी. पोरगी अर्धं दूध गिळायची, अर्धं फुर्र करून त्याच्या मिशीवर उडवायची. मग तो झबली धुऊन भिंतीवर वाळत टाकायचा, बाया ती मोजायच्या. दुपारी बांधावरच्या लिंबाला सुनेच्या जुन्या लुगड्याची झोळी बांधून पोरगी त्यात निजवायचा आणि तिथल्या तिथं तुरीत खुरपायचा, दहा ओळींच्या पुढे जायचा नाही. शेजारच्या वावरातला माणूस म्हणाला, तुझी तूर झोळीभोवतालीच चांगली येईल यंदा. तसंच झालं.

एकदा वाटलं, मिशी टोचते म्हणून पोरगी रडत असेल. गेला मालेगावला न्हाव्याकडे आणि म्हणाला, काढून टाक. न्हाव्यानं वस्तरा खाली ठेवला. बाप जिता असताना मिशी काढतात का, म्हणाला, घरी बुढ्याले काय सांगशील. नुसती बारीक करून पाठवली. पोरगी त्या बारीक मिशीखालीही तेवढीच रडली. मिशीचा दोष नव्हता.

या सगळ्यात आमचा बुढा कुठं होता. तो पुढच्या ओट्यावरून उठून मागच्या पडवीत बसायला यायचा, पण न्हाणीकडे पाठ करून. त्याचा बाप जाऊन पंचवीस वर्षं झाली, तरी मर्यादा गेली नव्हती. पोरगा पोरीला न्हाऊ घालतोय हे पाहायचं नाही, असं त्यानं ठरवलं होतं. मी म्हणायचे, मान मोडली का तुमची. तो सुपारी कातरत बसायचा. पण जागा सोडत नव्हता, हे मी पाहून ठेवलं होतं.

विहिणीचा दिवस जवळ यायला लागला. पोराचे सगळे उपाय संपले. पाणी कमी गरम केलं, जास्त केलं. खुळखुळा वाजवला. गाणं म्हणून पाहिलं, तर भिंतीपलीकडची शेळी पळाली. एका सकाळी पोरगी अशी काही रडत होती की सून दारात येऊन उभी राहिली, डोळे भरलेले. तिला हसवावं म्हणून, दुसरं काही सुचेना म्हणून, त्यानं तिचीच नक्कल केली. तांब्या वर धरला आणि नाकातून, लांब सूर काढून, जसं ती गाडीत ओरडते तसं ओरडला, "शेलूबाजार, शेलूबाजार. चला, मांगं सरका."

पोरगी थांबली.

तोंड उघडं, आवाज बंद. डोळे मोठे करून ऐकत होती. त्यानं घाबरत घाबरत तांब्या सोडला. "जऊळका. जऊळकावाले कोन हाये, पुढं या." पोरीनं पाय हलवले. "मालेगाव. मालेगाव पुरी गाडी खाली होते." पोरगी हसली नाही, खोटं कशाला सांगू, पण गाडीत बसलेल्या बाईसारखी शांत झाली. शेवटचा तांब्या केनवडचा. आमचं गाव केनवडजवळ, आमचा थांबा तोच. "केनवड. उतरा," म्हणत त्यानं तिला टॉवेलात गुंडाळलं.

सून दारातच खाली बसली. ती पोटुशी असताना सातव्या महिन्यापर्यंत गाडीवर होती. पोट सांभाळत, दांड्याला धरून, येता-जाता हीच गावं ओरडत होती. आतमध्ये कोणी ऐकतंय हे कोणाच्या ध्यानात आलं होतं? माझ्या तर अजिबात नाही, आणि मी स्वतःला जगाची आजी समजते.

त्यानंतर रोज आमच्या न्हाणीतून गाडी सुटायची. भिंतीपलीकडच्या बायाही शिकल्या. कोणी म्हणायची, अर्धं तिकीट द्या. कोणी म्हणायची, डोणगावला थांबते का. पोरगा त्यांना मागं सरका म्हणायचा. मी निश्चिंत झाले. एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात आली नाही.

विहीण ठरल्या दिवशी आली. हातात रिकामी पिशवी, नातीच्या कपड्यांसाठी. लेकीला दळणाचा डबा देऊन गिरणीवर पाठवलं. माझ्यासमोर बोट धरलं, म्हणजे शपथ आठवा. मग न्हाणीसमोर पाट मांडून बसली, दोन हातांवर. भिंतीपाशी गल्ली गोळा झाली होती. बुढा पडवीत, पाठ करून, सुपारी कातरत.

पोरगा बसला. पँट दुमडली. पोरीला पायांवर घेतलं, तेल लावलं, झकास लावलं, विहिणीला खोट काढायला जागा दिली नाही. मग तांब्या भरला. वर धरला. तोंड उघडलं.

आणि मिटलं.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. सासू समोर बसलेली. तिच्यापुढे तिच्या लेकीची नक्कल करून, नाकातून सूर काढून ओरडायचं. जन्मात त्यानं सासूपुढे आवाज चढवला नव्हता. कान लाल झाले त्याचे. त्यानं गुपचूप तांब्या सोडला. पोरीनं वाट पाहिली. दुसरा सोडला. पोरीचा ओठ बाहेर आला, थरथरला, आणि मग तिनं जो टाहो फोडला तो तिच्या आजीच्या घराण्याला शोभेल असाच होता.

मी पदर तोंडात कोंबला. शपथ घातलेली. ओरडावं तर विहीण म्हणणार, अट मोडली. पोरगा तांब्या धरून बसलेला, गव्हाणीपाशी बाप उभा होता अगदी तसाच, हातात जे आहे त्याच्याकडे न पाहता. मला वाटलं, झालं. आता हा लेकरावर कडबा टाकतो.

विहीण उठली. पिशवी झटकली. वाईट मनानं नाही, तिच्याही चेहऱ्यावर काही आनंद नव्हता. "जवाईबापू, आना इकडं. तुमी पराकाष्ठा केली, पन हे बाप्यामानसाचं काम नाई."

आणि पाठीमागून, पडवीतून, एक घोगरा आवाज आला.

"शेलूबाजार."

सगळ्यांनी वळून पाहिलं. बुढा उभा होता. अजून पाठच होती त्याची, तोंड भिंतीकडे, हातात अडकित्ता. पण आवाज असा लावला होता की वावरातल्या गड्याला हाक मारतोय. "शेलूबाजार, शेलूबाजार. मांगं सरका." मग तो वळला. गेल्या पंचवीस वर्षांत, किंवा साऱ्या आयुष्यात म्हणा, पहिल्यांदा त्यानं बाप झालेल्या माणसाकडे आणि त्याच्या पायावरच्या लेकराकडे उघड्या डोळ्यांनी पाहिलं. "तोंड काहून बंद हाये रे तुहं? गाडी हान."

पोराच्या तोंडून आधी हसू फुटलं, मग आवाज. तांब्या वर गेला. "जऊळका," तो ओरडला, नाकातून, लांब सूर काढून, सासूच्या तोंडासमोर. "जऊळका, जऊळका. जऊळकावाले कोन हाये?"

पोरगी थांबली. हुंदका अर्ध्यात राहिला. पाणी पाठीवरून ओघळलं आणि ती ऐकत राहिली, आपण कुठवर आलो ते.

विहीण पिशवी धरून मधोमध उभी. काय चाललंय ते तिला कळेना. आणि माझी शपथ आंघोळीपुरती होती की दिवसभराची, याचा विचार करायला मला वेळ नव्हता. मी खुर्चीवरून म्हटलं, "इनबाई, जऊळका आलं. तुमचा थांबा. उतरा."

आधी भिंत हसली. मग बुढा. मग विहीण. ती हसायला लागली की तिच्या हसण्यापुढे रेल्वेची शिट्टी काय करणार, पण पोरगी तेवढ्यानंही रडली नाही. मालेगाव झालं. केनवड झालं. बुढ्यानं स्वतः टॉवेल पुढे धरला आणि नातीला घेतलं, सगळ्या गल्लीसमोर, आपल्या बापाच्या नावाची काही पर्वा न करता. सून गिरणीवरून आली तेव्हा तिच्या डोक्यावर पिठाचा डबा होता आणि अंगणात तिचा सासरा तिच्या लेकराला छातीशी धरून डोणगाव, मेहकर करत फिरत होता. केनवडला गाडी थांबते हे त्याला कोणी सांगायला धजलं नाही.

विहीण जेवून, दुपारची झोप घेऊन मगच निघाली. पिशवीत आम्ही तिला त्या झोळीभोवतालच्या तुरीच्या शेंगा दिल्या.

दुसऱ्या दिवशी सून कामावर गेली. तिची गाडी केनवडच्या फाट्यावरून जाते. आम्ही सगळे गेलो होतो, मलाही पोरानं ट्रॅक्टरवर बसवून नेलं, गुडघे म्हणाले नको, पण त्यांचं कोण ऐकतं. गाडी थांबली. दारात खाकीत ती उभी. पोरगी बापाच्या खांद्यावर. सुनेनं तिच्याकडे पाहिलं, आणि ती नेहमीपेक्षा दुप्पट आवाजात ओरडली, "केनवड, केनवड. उतरा."

पोरगी बापाचे केस दोन्ही मुठीत धरून उड्या मारायला लागली. तिला वाटलं, आता टॉवेल येणार.